छातीवरची पट्टी

आमच्या मेट्रनला लोक कुलूपबाई म्हणत. तोंडावर नव्हे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. भेटीची वेळ संपली की ती वॉर्डाच्या दारात उभी राही आणि एकदाच म्हणे, "चला, वेळ झाली." आवाज चढवायची नाही, कुणाकडे रोखून बघायची नाही. तरी खाटांवर पाय सोडून बसलेले मामा, काका, शेजारी आणि शेजाऱ्यांचे पाहुणे मुकाट उठत. आम्ही दोघी नर्सिंगला एका खोलीत राहून शिकलो, म्हणून मला तिच्याशी अगंतुगं करायची मुभा होती, आणि भांडायचीही. ती मेट्रन झाली आणि मी तिच्या हाताखाली वॉर्डाची सिस्टर राहिले, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तिच्या जागी मी असते, तर पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी मामाला बेडपॅन फेकून मारलं असतं.

ती उंच, हाडापेराने मजबूत, चालली की फरशी वाजायची. नवरा तिच्या खांद्याला लागेल एवढाच. दवाखान्यामागच्या गल्लीत त्याचं शिलाईचं दुकान होतं. भावजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून फाटकाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे आणि तिची वाट बघायचे. कधी ऊन असायचं, कधी भुरभुर पाऊस, पण बाक सोडून ते आत आले नाहीत. तिचीच सक्त ताकीद होती. "माझा नवरा आत येऊन बसला, तर बाकीच्यांच्या नवऱ्यांना मी कुठल्या तोंडाने अडवू?" भावजींना त्याचं काही वाटत नसे. मी बाहेर पडले की विचारायचे, "काय सिस्टर, सुटणार आहेत का आज तुमच्या मेट्रनबाई, की वाढली शिक्षा?" मग ती यायची, डब्याची पिशवी त्यांच्या हातात द्यायची आणि पुढे चालू लागायची. ते मागून भरभर पावलं टाकत. आम्ही पोरी खिडकीतून बघून हसायचो. हसण्यात थोडा हेवाही असायचा, खोटं कशाला बोला.

मग साथ आली. भेटीच्या वेळाच बंद झाल्या. वरून हुकूम आला की वॉर्डात एकही नातेवाईक नको. हुकूम काढणारे काढून मोकळे झाले, फाटकावर उभं राहायचं आमच्या नशिबी. लोक रडत, पाया पडत, शिव्या घालत. कुणी गरम पाण्याची बाटली घेऊन यायचं, कुणी म्हाताऱ्याची कवळी, कुणी उशी, कारण बाबांना दुसऱ्या उशीवर झोप लागत नाही. मेट्रन स्वतः फाटकावर जायची. वस्तू घ्यायची, पुसून घ्यायची, ज्याची त्याला पोचवायची, आणि उशी पोचली हे सांगायला पुन्हा फाटकावर यायची. बाहेरच्याला तेवढं तरी कळलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं. दुपारी प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन घेऊन एक सिस्टर खाटेखाटेपाशी फिरे. पण ज्यांचा श्वास खालावलाय त्यांना कुठलं बोलता येतंय! ते नुसते त्या पिशवीकडे बघत राहत.

माणसं एकटी जायला लागली तेव्हा मेट्रन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. काय भांडली ते मला ठाऊक नाही, दार बंद होतं. बाहेर आली ती नवा नियम घेऊन. जो आता राहत नाही असं दिसतंय, त्याच्या घरचं एक माणूस, एकदाच, थोडा वेळ आत येईल. गाऊन, टोपी, दोन मास्क, तोंडावर प्लास्टिकचा पडदा. माणूस कोणतं, हे रोग्याने सांगायचं. त्याला सांगता येत नसेल तर घरच्यांनी आपसात ठरवायचं. आणि बोलवायची वेळ वॉर्डाच्या सिस्टरने ठरवायची. ही शेवटची गोष्ट फार वाईट होती. लवकर बोलावलं तर ती एक भेट वापरून संपते आणि माणूस पुढे चार दिवस एकटं पडून राहतं. उशीर केला तर भेटच नाही. देवाने करायचं काम आमच्या गळ्यात घातलंस, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "देव वॉर्डात ड्यूटीला नाही. तू आहेस."

पहिल्याच भेटीत घोटाळा झाला. एक आजी होत्या, ऐकायला कमी, बोलणं गोड. त्यांच्या मुलाला बोलावलं. तो नखशिखांत झाकून आत आला, त्यांचा हात धरायला गेला. आजींना वाटलं, पुन्हा सुई टोचायला कुणी आलं. त्यांनी हात ओढून घेतला आणि पांघरुणात दडवला. तो "आई, मी आहे, आई" म्हणतोय, पण दोन मास्कमधून आवाज कसला पोचतो. "आज नको रे बाबा," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. वेळ संपली, तो गेला. संध्याकाळी आजी गेल्या. आपल्याकडे कुणी आलंच नाही, असं मनात धरून गेल्या.

हे मी मेट्रनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत तिने रुंद पांढरी चिकटपट्टी आणि एक जाड मार्कर आणून ठेवला. आत जाणाऱ्याने छातीवर पट्टी लावायची आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं. नाव नाही लिहायचं. आतलं माणूस आपल्याला ज्या हाकेने बोलावतं ती हाक लिहायची.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात काय काय चालत आलं! दादुल्या आला, बबडी आली, थोरली सून आली. एका आजोबांची बायको आली, तिच्या छातीवर नुसतं "अगं" लिहिलेलं. आजोबांनी वाचलं आणि ऑक्सिजनच्या मास्कमधून हसले. एकदा एक बडा कंत्राटदार दोन गाड्या आणि चार माणसं घेऊन फाटकावर आला. काकांना भेटायचंय, सगळ्यांनाच, आत्ता. कुणाकुणाचे फोन आले ते विचारू नका. मेट्रनने त्याला बाकावर बसवून ठेवलं. काकांची वेळ आली तेव्हा एकट्याला आत घेतलं आणि मार्कर हातात दिला. त्याने मेट्रनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून लिहिलं, "गोट्या". आत काकांच्या खाटेशी तो एवढा ढसाढसा रडला की मलाच तोंड फिरवावं लागलं. जाताना त्याने मेट्रनला वाकून नमस्कार केला. पण फाटकाबाहेर गेल्यावर त्याचा एक माणूस मोठ्याने म्हणाला, "बघू, हिच्या घरचं कुणी आलं की हा नियम राहतो का." ते वाक्य आम्ही दोघींनी ऐकलं. मी विसरले. ती विसरली नाही.

गाऊन कमी पडायला लागले तेव्हा भावजींनी शिवून द्यायला सुरुवात केली. दुकान बंदच होतं, मशीन घरी आणलं होतं. लांब बंद, दुहेरी शिलाई, उसवायचं नाव नको. गठ्ठा बांधून फाटकावर आणून ठेवायचे आणि लांबूनच ओरडायचे, "सिस्टर, मापं एकाच माणसाची घेतलीत हो, घरात तेवढंच माणूस होतं!" खरंच, ते गाऊन मेट्रनच्या मापाचे होते. माझ्यासारख्या बुटकीच्या पायात घोळायचे.

आणि मग भावजींनाच ताप आला. दोन दिवस घरी काढले, मग श्वास लागला. आमच्याच वॉर्डात खिडकीकडची खाट मिळाली. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा फाटकाच्या आत आले, तेही स्ट्रेचरवरून. चष्मा घरीच राहिला होता.

त्यांची एकुलती एक लेक गावातच दिलेली होती, प्राथमिक शाळेत शिकवायची. ती दुसऱ्या दिवसापासून फाटकावर येऊन उभी. "आई, मला एकदा बघू दे ना बाबांना." मेट्रन तिला म्हणाली, "अजून तशी वेळ नाही." पुढे भावजींची तब्येत उतरत गेली, तेव्हाही तेच. मग एका सकाळी लेक भडकली. "वेळ कधी येणार आहे, आई? तू काय ठरवलंयस?" तेव्हा मेट्रनने मनातलं सांगितलं. "एका रोग्यामागे एक माणूस. त्यांचं माणूस आत आहेच. मी आहे ना. दिवसातून दहा वेळा त्यांच्या खाटेशी जाते मी. बाकीच्यांना एकदाही मिळत नाही. अजून किती मागायचं?"

लेक बाकावर जाऊन बसली, बापाच्या जागी.

मला राग आला होता. मी मेट्रनला जेवणाच्या खोलीत गाठलं आणि म्हटलं, "त्या कंत्राटदाराच्या माणसाला घाबरून पोरीला तोडतेयस तू." ती डबा न उघडता बसली होती. म्हणाली, "घाबरून नाही गं. ज्यांना मी नाही म्हटलं ते सगळे त्या फाटकापलीकडे उभे आहेत. त्यातल्या एकाने जरी विचारलं, बाई, तुमच्या घरी दोन भेटी कशा, तर मी काय सांगू?" पण खोडता येत नाही म्हणजे पटलं, असं थोडंच असतं.

ती खरंच दहा वेळा जायची. ऑक्सिजन बघायची, सलाईन बघायची, कूस बदलून द्यायची, तोंड ओलं करायची. नर्सने जे करायचं ते सगळं. तिच्याही छातीवर पट्टी असायची, कारण त्या पोशाखात आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो आणि कोण कोणाला हाक मारतंय ते कळायचं नाही. माझ्या पट्टीवर "सिस्टर" आणि तिच्या पट्टीवर "मेट्रन". पट्टीची युक्ती जिने काढली, तिच्या लक्षात येऊ नये हे? आणि तिचं सोडा, मी रोज तिच्या शेजारून फिरत होते, माझ्या तरी कुठे लक्षात आलं.

त्या दुपारी आम्ही दोघी राउंडला होतो. भावजींचा श्वास वर लागला होता, नजर जरा भ्रमिष्ट झाली होती, भान जात-येत होतं. मेट्रन वाकून उशी सारखी करायला लागली, तसे त्यांनी डोळे बारीक केले. तिच्या छातीवरची अक्षरं वाचली. मग कष्टाने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला आणि दोन्ही हात जोडले.

"मेट्रनबाई, एक विनंती होती."

मेट्रन थबकली.

"आमच्या हिला जरा आत सोडता का? इथंच नोकरीला आहे ती. मी आलो तेव्हापासून एकदाही आली नाही." ते दम खात बोलत होते. "स्वतःहून मागायची नाही ती. नियमाची फार पक्की. पण तुम्ही म्हणालात तर ऐकेल."

"अहो, मीच आहे," मेट्रन म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, मी! मीच आहे ना!" पण दोन मास्क, वर तो पडदा, शेजारी मशीनची घरघर. त्यांना एवढंच कळलं की मेट्रनबाई काहीतरी जोराने म्हणाल्या. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. फाटकावरचे लोक नकार मिळाल्यावर हलवतात, अगदी तशी.

"हो, हो. नियम आहे. ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "बाहेर बाकावर बसली असेल. तिला म्हणावं, थोडा वेळ लागेल. कंटाळू नको."

मी मास्क पुन्हा त्यांच्या तोंडावर बसवला. मेट्रन आपल्या छातीकडे बघत उभी होती. पट्टीवरची अक्षरं तिला उलटी दिसत असणार, पण ती वाचत होती. मग तिने त्यांच्या नखांकडे बघितलं, छातीच्या भात्याकडे बघितलं, आणि मला तिच्या डोळ्यांत दिसलं की बोलवायची वेळ झाली आहे. ती जवळजवळ धावतच बाहेर गेली.

मला वाटलं, पट्टी बदलायला गेली. ती गेली होती पोरीला बोलवायला.

लेक आली. कपडे चढवले, मार्कर घेतला, लिहिलं, "ठकी". मी तिला खाटेशी नेलं. भावजींनी वाचलं आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला. "ठके, आलीस? शाळा सुटली?" ती त्यांच्या हातावर कपाळ टेकून बसली. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "पिटुकली कुठाय?"

मला कळेना, ही पिटुकली कोण. लेकीचं मूल म्हणावं, तर तिला मूल नव्हतं. तिने मान वर करून काचेकडे बघितलं. वॉर्डाच्या दाराला मोठी काच आहे, तिच्यापलीकडे मेट्रन उभी होती. गाऊन उतरवलेला, नुसता गणवेश, एकच मास्क. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दारातून वाकून जाणारी आमची ही धिप्पाड मेट्रन, जिच्या चपलांच्या आवाजाने नव्या डॉक्टरांची बोलती बंद व्हायची, ती त्या एवढ्याशा माणसाच्या घरात पिटुकली होती. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मी बाहेर आले ते तिच्यावर तुटूनच पडले. "जा आत."

"एकालाच परवानगी आहे."

"मरू दे तुझी परवानगी! ते तुला विचारताहेत."

"ठकी आहे ना तिथं. माझं मी रोज घेतलंय. दहा वेळा."

"दहा वेळा मेट्रन गेली," मी म्हटलं. "तू कधी गेलीस?"

मी आयुष्यात तिला खूप लागेलसं बोलले असेन, पण हे बोलून मला माझीच भीती वाटली. ती काचेतून आत बघत राहिली. खिडकीचं ऊन भावजींच्या पांघरुणावर पडलं होतं. त्यांचे ओठ पुन्हा हलले, लेक पुन्हा काचेकडे बघू लागली. मेट्रन म्हणाली, "गाऊन दे."

त्यांनीच शिवलेला गाऊन होता. मी मागून बंद बांधायला घेतले. ते लांबच लांब बंद, दोनदा फिरवून घट्ट गाठ मारायची, घाईत एक निसटला, पुन्हा बांधला. टोपी. मास्क, त्यावर मास्क. हातमोजे, त्यांवर हातमोजे. पडदा. एकही गोष्ट गाळता येत नव्हती आणि तिने गाळूही दिली नसती. मग तिने पट्टीचा तुकडा कापला, टेबलावर सपाट केला आणि मार्करने लिहिलं. इतक्या वर्षांत मी तिचं अक्षर कधी वाकडं पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. पट्टी तिच्या छातीवर मी चिकटवली आणि तळव्याने दाबली.

आम्ही दार ढकलून आत गेलो तेव्हा लेक उभी होती. तिने बापाचा हात अजून सोडला नव्हता. शेजारचं मशीन एकसारखं वाजत होतं, आणि ते तसं कधी वाजतं हे सांगायची आम्हा दोघींना गरज नव्हती. काही करायचं नाही, हे डॉक्टरांनी आधीच ठरवून सांगितलं होतं. मी जाऊन आवाज बंद केला.

लेकीने आईच्या छातीवरची अक्षरं वाचली. बाजूला झाली आणि स्टूल तिच्याकडे सरकवलं.

मेट्रन बसली. भावजींचे डोळे अर्धवट उघडे होते. ते मिटणं हे आमचं रोजचं काम, ती हजारदा करून बसलेली, पण तिने मिटले नाहीत. ती तशीच त्यांच्यासमोर ताठ बसून राहिली, पट्टी त्यांच्याकडे करून.

भेट संपली हे सांगायचं काम त्या वॉर्डात माझं होतं. शववाहिकेची माणसं खाली आली होती, खाटेसाठी बाहेर कुणीतरी श्वास ओढत पडलं होतं. बोलायची पाळी माझी होती. मी दुसऱ्या खाटेचं सलाईन उगाच बघत राहिले. शेवटी तीच उठली. त्यांचे डोळे मिटले, केसांवरून हात फिरवला, आणि अगदी हळू, त्यांना एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "चला. वेळ झाली."

कपडे उतरवायच्या खोलीत मी तिचे बंद सोडले. पट्टी काढली आणि हातात धरून उभी राहिले. सगळ्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत जायच्या, जाळायला. मी म्हटलं, "ही ठेवते मी कुठंतरी. पिशवीत घालून, बंद करून. कुणाला कळणार नाही."

"टाक," ती म्हणाली. "सगळ्यांच्या टाकल्या."

मी टाकली.

उरलेलं सगळं लेकीने आणि जावयाने बघितलं. संध्याकाळी माझी ड्यूटी संपली आणि मी फाटकाबाहेर पडले, तर मेट्रन बाकावर बसलेली. डब्याची पिशवी मांडीवर. फाटकावरचा वॉचमन लांब उभा होता, त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, "चल, घरी सोडते तुला. ठकी वाट बघत असेल."

"जरा बसते," ती म्हणाली. "थोडा वेळ लागेल म्हणाले होते."